डिस्कोची प्रतबंदी

मनुष्याला एखादी गोष्ट मनापासून आवडू लागली, की ती नुसती आवडत राहणे त्याला पुरत नाही. ती आपल्या इतर आवडत्या गोष्टींच्या वर आहे की खाली, आणि खाली असेल तर कितव्या पायरीवर, याचा निवाडा झाल्याखेरीज त्याला अन्न गोड लागत नाही. बालगंधर्वांची सिंधू श्रेष्ठ की भामिनी, या एका प्रश्नावर आमच्या वाडवडिलांनी किती रात्री जागून काढल्या असतील याची गणती नाही, आणि तो कज्जा अद्याप निकालात निघालेला नाही. महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे माझा प्रतबंदीशी परिचय जुना: जमीन जिरायत की बागायत, माती काळी की बरड, पीक किती आण्यांचे हे ठरवून द्यावे, आणि ज्याची प्रत खाली लागली त्याचा अर्ज वरच्या कचेरीत पोहोचेपर्यंत स्वस्थ झोपावे. परंतु गाण्यांची प्रतबंदी पाहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर, मेलबर्नला भाचीकडे मुक्कामास असताना आला.

मेलबर्न हे काइली मिनोग या गायिकेचे जन्मगाव. १९६८ साली जन्मलेली ही बाई ‘नेबर्स’ नामक दूरदर्शन-मालिकेत मोटारी दुरुस्त करणाऱ्या मुलीचे काम करता करता १९८७ साली गाऊ लागली ती अजून थांबलेली नाही, आणि तिच्या गावाने डॉकलँड्स भागात तिचा काशाचा पुतळाही उभारला. तिच्या डिस्को धाटणीच्या गाण्यांची क्रमवारी लावण्यासाठी एका शनिवारी भाचीच्या दिवाणखान्यात जी मंडळी जमली, त्यांत भाची आणि जावई, ग्रंथालयात नोकरी करणारी त्यांची एक मैत्रीण, आणि केशकर्तनालय चालवणारे एक वयस्क ग्रीक गृहस्थ होते. या गृहस्थांनी १९९४ साली सिडनीच्या मार्डी ग्रा सोहळ्यात काइलीला डोळ्यांनी गाताना पाहिले असल्यामुळे त्यांचा शब्द तेथे दस्तऐवजासमान मानला जाई. मला, पूर्वानुभव जमेस धरून, पंच नेमण्यात आले.

पहिला तासभर डिस्को म्हणजे काय यातच गेला. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या नृत्यशाळांत, मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी मंडळींच्या मेळ्यात हा प्रकार वाढीस लागला; मात्रेगणिक ढोलाचा एकसारखा ठोका, त्यावर नाचरा बेस आणि वर व्हायोलिनांचे झोत, ही त्याची लक्षणे, इतपत एकमत झाले. तेवढ्यावर जावयांनी असा ठराव मांडला, की ज्यात खरी तंतुवाद्ये नाहीत ते गाणे डिस्को म्हणून रुजूच करून घेऊ नये. ग्रंथपाल बाईंनी शांतपणे विचारले, ‘मग डोना समरचे १९७७चे “आय फील लव्ह” कोठे ठेवता?’ जॉर्जिओ मोरोडरने ते गाणे जवळजवळ संपूर्ण यंत्रावर बांधले असल्यामुळे, या व्याख्येने डिस्कोची पट्टराणीच राज्याबाहेर पडत होती. न्यायशास्त्रात ज्याला अव्याप्ती म्हणतात तो दोष इतक्या उघडपणे मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. ठराव मागे घेण्यात आला.

मग एकेक दावेदार पुढे आले. ‘स्पिनिंग अराउंड’ हे २००० सालचे गाणे. मूळ पॉला अब्दुलने इतरांच्या साहाय्याने रचलेले, परंतु फळले काइलीला, आणि काही मंदीच्या वर्षांनंतर तिला त्याने ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवले. अडचण एवढीच, की त्याच्या चित्रफितीत तिने जी सोनेरी आखूड चड्डी घातली आहे, आणि जी जुन्या बाजारात अवघ्या ५० पेन्सांना मिळाली अशी ख्याती आहे, ती गाण्याहून अधिक प्रसिद्धी पावली; आज ती मेलबर्नच्या आर्ट्स सेंटरच्या संग्रहात मानाने नांदते आहे. तेव्हा गाण्याची आणेवारी करताना चड्डीचे उत्पन्न हिशेबात धरावयाचे की वजा करावयाचे, असा पेच पडला. माझ्या सबंध नोकरीत असा मुद्दा कोणत्याही मिसलीत आला नव्हता.

ग्रीक गृहस्थांचा जीव ‘युअर डिस्को नीड्स यू’ या गाण्यावर जडला होता. रॉबी विल्यम्सने ते रचण्यास हातभार लावला. त्यात पलटणीच्या कवायतीचा थाट आहे, मागे समूहगायनाचा गजर आहे, आणि इतके असून ब्रिटनमध्ये ते स्वतंत्र गाणे म्हणून कधी विक्रीस काढलेच नाही. जर्मनीत मात्र २००१ साली काढले. हा अन्याय ते आजतागायत विसरलेले नाहीत. मूळ हक्कापेक्षा तक्रारीचेच कागद ज्याच्या फायलीत जास्त, असा अर्जदार प्रत्येक कचेरीत असतो, आणि त्याची बाजू लंगडी असली तरी चहा त्यालाच आधी मिळतो.

‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ची गोष्ट निराळी. आमच्या तराण्याप्रमाणे निरर्थक अक्षरांवर उभे असलेले हे २००१चे गाणे तिच्या सर्व गाण्यांत श्रेष्ठ, यावर कोणाचेही दुमत नव्हते. आणि नेमके त्याच कारणास्तव ते डिस्को नव्हे असे ठरवून सर्वानुमते हद्दपार करण्यात आले, कारण ते राहिले असते तर भांडावयास काय उरले असते?

शेवटी भाचीने २०२० सालच्या ‘डिस्को’ या संग्रहातले ‘मॅजिक’ पुढे केले. जगातल्या यच्चयावत नृत्यशाळांना कुलुपे लागली असताना काइलीने घरात यंत्रे मांडून, स्वतःचे ध्वनिमुद्रण स्वतःच करून, या संग्रहाचे बरेचसे गायन पुरे केले. नाचावयास जागा नसलेल्या लोकांनी तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेला, आणि लागोपाठ पाच दशकांत असा मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. ‘मामा,’ भाची म्हणाली, ‘त्या टाळेबंदीत शेजारणीशी बोलायचं तर कुंपणावरून, आणि नाचायचं तर एकटीनं ओट्यापुढे. तुम्ही याला खालचा नंबर लावलात, तर उद्यापासून पोळ्या तुम्ही लाटा.’ न्यायासनावर इतक्या उघडपणे दडपण आणले जात असताना मी लेखणी खाली ठेवणेच पसंत केले. जो तो गाण्याची म्हणून जी प्रत सांगत होता, ती वस्तुतः आपल्या आयुष्यातल्या एखाद्या हंगामाची होती, आणि तो हंगाम सोळा आणेच पिकला होता असा प्रत्येकाचा आग्रह होता.

परंतु या सर्व ऊहापोहात एक गोष्ट मला राहून राहून खटकत होती. जे संगीत केवळ पायांसाठी निर्माण झाले, त्याचा विचार ही मंडळी संध्याकाळभर डोक्याने करत होती, आणि एकही जण खुर्चीवरून उठला नव्हता! म्हणून पंचाच्या अधिकारात मी फर्मावले, की वाद पुरे. आता गाणी एकामागून एक लावावीत. ‘स्टेप बॅक इन टाइम’ची पाळी आली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात, डिस्कोच्या तबकड्या पेटीत भरून सुरुंगाने उडवण्यात आल्या. मैदानाची अशी दाणादाण झाली की दुसरा सामना होऊच शकला नाही, आणि डिस्को मेला अशी द्वाही फिरली. त्या मयताच्या नावाने सत्तरच्या दशकाचे गुणगान करणारे हे गाणे १९९० साली आले. त्याचा ठोका सुरू होताच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले ते ग्रीक गृहस्थ सर्वांआधी उठले, पाठोपाठ ग्रंथपाल बाई, मग जावई. भाचीने माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि पंचासही उभे केले.

तेव्हा निकाल असा: ‘स्टेप बॅक इन टाइम’ पहिले, ‘मॅजिक’ दुसरे (पोळ्यांचा मुद्दा विचारात घेतलेला नाही), ‘युअर डिस्को नीड्स यू’ तिसरे, आणि ‘स्पिनिंग अराउंड’, चड्डी वजा जाता, चौथे. ज्या कोणास या प्रतबंदीविरुद्ध हरकत असेल त्याने मुदतीत अर्ज करावा, अर्जासोबत गाणे जोडावे, आणि सुनावणीस येताना नाचता येईल असे जोडे घालून यावे. बसून केलेल्या युक्तिवादाची दखल घेतली जाणार नाही.