भुताला गल्ला, माहितीपटाला कोर्ट

चित्रपट महोत्सवांत मुरलेला डेलिगेट गळ्यातला पास सावरत नवख्याला सांगतो, "रात्री झोप हवी असेल तर भयपट बघ. माहितीपटाच्या वाटेला जाऊ नकोस." नवखा हसतो. सरकार हसत नाही. त्याला हे केव्हाच पटलेलं आहे.

'तुंबाड' घ्या. २०१८ साली व्हेनिसचा क्रिटिक्स वीक याच चित्रपटाने उघडला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट. धो धो पाऊस, पडका वाडा आणि कणकेच्या बाहुलीवर तुटून पडणारा हस्तर. हा हस्तर मोठा शिस्तीचा. पीठ दिसलं की हजर, वर्तुळाच्या आत पाय नाही, आणि लंगोटात मोहरा! अशा महसूल देणाऱ्या भुताला कोण अडवणार? २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला करून गेला.

त्याच २०१८ सालचा आनंद पटवर्धनांचा 'विवेक'. ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवात पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. विषय दाभोलकर-पानसरेंच्या हत्यांचा. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. २०१९ मध्ये केरळच्या माहितीपट महोत्सवात 'विवेक'ची ती सूट अडली. प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे पडदा उजळला.

म्हणजे भूत बिनघोर थिएटरात, आणि भूत नसतं हे सांगत आयुष्य घालवलेला दाभोलकरांसारखा माणूस मेल्यावरही वकिलाच्या भरवशावर.

ही परंपरा जुनी आहे. पटवर्धनांच्याच 'जंग और अमन'ला सेन्सॉरने २१ काटछाटी सुचवल्या होत्या. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्या रद्द केल्या. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी (मिफ) भारतीय माहितीपटांवर प्रमाणपत्राची अट आली, ती विरोधामुळे मागे घेतली गेली आणि मग बरेच चित्रपट निवडीतच गळाले. दिग्दर्शकांनी मुंबईतच 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला.

भयपटवाले मात्र शहाणे. 'लपाछपी'ने (२०१७) स्त्रीभ्रूणहत्येचा विषय उसाच्या फडात नेला, सोबत भुतं दिली आणि थिएटर मिळवलं. हिंदीत त्याचा 'छोरी'ही झाला.

तेव्हा माहितीपटवाल्यांना नम्र विनंती : यापुढे अर्जात विषयाच्या रकान्यात सरळ 'भूतबाधा' लिहा. आणि वकील तरीही नेमून ठेवा.