झालंय की व्हायचंय?

मराठी घरात देवांना जागा असते, गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरला असते, आणि वर्षातून आठवडाभर लागणाऱ्या आकाशकंदिलाच्या सांगाड्यालाही माळ्यावर बारमाही जागा असते. पाहुण्यांच्या गाद्या तर पलंगाच्या पोटात ऐसपैस झोपलेल्या असतात. पण घरातल्या बाईने पन्नाशी उलटल्यावर 'मला चित्रं काढायला एक कोपरा हवाय' असं म्हटलं, की सगळ्यांना एकदम ठाण्यातले चौरस फुटाचे भाव आठवतात.

कुणी नाही म्हणालं नाही, हे आधी सांगून टाकते. उलट उत्साहच होता. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्या होत्या. (कुणी दिलेल्या नसतात? स्मरणचित्रातली ती भाजीवाली आणि भूमितीच्या पेपरातले ते कंपासचे भोसके महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत सापडतील.) त्या प्रमाणपत्रांच्या जोरावर मला घरात एकमताने कलावंत घोषित करण्यात आलं. नवरा म्हणाला, "अगं, डायनिंग टेबल दिवसभर रिकामंच असतं की. काढ तिथे खुशाल."

हे खरंही होतं. टेबल दुपारी जेवणं झाल्यापासून ते संध्याकाळच्या कुकरच्या शिट्टीपर्यंत रिकामं असतं. अडचण एवढीच, की जलरंगाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. आकाशाचा पहिला वॉश दिला की तो पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. आणि अर्धवट ओला असताना हात लावला तर आकाशाचं डबकं होतं. शिट्टी नेमकी या अर्धवट अवस्थेत होते. मग ताटं यायच्या आत तो ओला कागद दोन्ही तळव्यांवर आडवा धरून, श्वास रोखून, घरभर हिंडायचं. पलंगावर ठेवावा तर कुणीतरी बसणार, टीव्हीवर ठेवावा तर हल्लीच्या टीव्हीला माथाच नसतो. बहुतेक वेळा तो कपाटावर जायचा आणि चढवताना जरासा कलायचा. मग माळशेजच्या घाटातलं आकाश ओघळून खालच्या भातखाचरात यायचं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चित्र काढायला जागा अशी फारशी लागतच नाही. इम्पीरियल आकाराच्या कागदाचा चौथा तुकडा साधारण अकरा इंच बाय पंधरा इंच भरतो. त्याला फळी, बशी, पाण्याच्या दोन बरण्या धरल्या तरी एका पानाची जागा पुरते. जागा लागते ती चित्र न काढण्यासाठी. म्हणजे अर्धं काढून उठायचं, जेवायचं, झोपायचं, सकाळी दात घासताना लांबून त्याच्याकडे एक तुच्छतेचा कटाक्ष टाकायचा, आणि हे सगळं चालू असताना त्याला कुणी हलवायचं नाही. आपल्या घरांत कामाला जागा मिळते. अर्धवट कामाला मिळत नाही. अर्धवट काम म्हणजे पसारा, आणि पसारा उचलायचा असतो.

रेने माग्रीत नावाच्या बेल्जियन चित्रकाराचं उदाहरण या बाबतीत फार घातक आहे. ब्रसेल्समध्ये 1930 ते 1954 पर्यंत तो ज्या घरात राहिला, तिथे मागच्या बागेत त्याने कामाची खोली बांधली होती. पण ती जाहिरातींच्या धंद्यासाठी. आपली चित्रं तो रंगवायचा घरातच, जेवायच्या खोलीत ईझल लावून. तेही सूट आणि टाय घालून, तैलरंगात, आणि खालच्या गालिच्यावर एक थेंब पडू न देता, असं म्हणतात. ही माहिती मी कुठेतरी वाचली आणि ताबडतोब ते पुस्तक मिटून ठेवलं. अशा माणसांची नावं घरात काढू नयेत. 'मग तुलाच का जमत नाही?' या प्रश्नाला जगात उत्तर नाही.

टेबलावरून मी बाल्कनीत गेले. बाल्कनी आम्ही इतर सगळ्यांसारखी केव्हाच आत घेतलेली आहे. तिथे वॉशिंग मशीन, तुळस, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि छताला कप्पीवरच्या दोऱ्या. पण तिचं तोंड उत्तरेला, आणि उत्तरेचा उजेड म्हणजे चित्रकारांचा जुना हट्ट. त्या बाजूने थेट ऊन येत नाही, त्यामुळे सावल्या तासातासाला सरकत नाहीत आणि सकाळी पाहिलेला रंग दुपारी तोच दिसतो. फ्रेंच चित्रकार सेझानने आयुष्याच्या शेवटी, 1902 च्या सुमारास, एक्स नावाच्या गावाबाहेरच्या टेकडीवर स्वतःसाठी स्टुडिओ बांधून घेतला, तेव्हा उत्तरेकडे भिंतभर खिडकी ठेवली. आणि शेजारी भिंतीत एक उंच, अरुंद फट; दारातून न जाणारे भलेमोठे कॅनव्हास बाहेर काढायला. भिंतीला फट ठेवण्याची मुभा असलेल्या माणसाचा हेवा वाटतो. आम्हाला एसीच्या पाइपसाठी भोक पाडायचं तर सोसायटीला अर्ज करावा लागतो.

पण फ्रान्सचं शास्त्र ठाण्याला जसंच्या तसं लागू होत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या मध्यावर 'शून्य सावली दिवस' येतो, पेपरात बिनसावलीच्या उभ्या बाटलीचा फोटो येतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. सकाळी ईशान्येकडून आणि संध्याकाळी वायव्येकडून तिरपी उन्हं थेट माझ्या कागदावर. तक्रार करणार तोच जूनमध्ये ढग येतात आणि हा प्रश्न मिटतो. त्याऐवजी दुसरा येतो.

पावसाळ्यात घरात वाळवण्याच्या लायकीची जागा एकच असते, आणि तिच्यावर कपड्यांचा वडिलोपार्जित हक्क असतो. वर ओल्या चादरी, मध्ये ओले पंचे, खाली ओलं आकाश. यांतलं काहीही वाळत नाही. चांगला कागद बनवताना त्यावर जिलेटिनसारखा एक चिकट थर चढवतात, म्हणजे रंग आत न मुरता वर राहतो. दमट हवेत हा थर हळूहळू निकामी होतो आणि तीनशे जीएसएमचा महागडा कागद टीपकागदासारखा वागू लागतो. कोरे कागद मी आता प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नव्या पर्सांमधून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, साड्यांच्या कपाटात ठेवते. शालू डांबरगोळ्यांवर आहे. कागदाची बडदास्त अधिक.

एकदा भर जुलैत असंच अर्धं वाळलेलं आकाश फळीवर होतं आणि वरच्या बनियनमधून एक थेंब निसटला. हे प्रकरण जवळून पाहण्यासारखं असतं. थेंब पडला की आजूबाजूचा रंग क्षणभर काहीच करत नाही. मग ते जादा पाणी पसरू लागतं, वाटेतले रंगाचे कण पुढे ढकलत नेतं, आणि जिथे दम संपतो तिथे त्यांना सोडून देतं. मध्ये फिकट पांढुरकं आणि कडेला गडद, नागमोडी, दातेरी काठ. चित्रकार याला फ्लॉवर म्हणतात, म्हणजे भाजीतला. आणि तो आला की कपाळावर हात मारतात. मी हात मारला नाही. वर्षभर मी जे ढग काढत होते, त्यांच्यापेक्षा हा बनियनचा ढग कितीतरी सरस होता. त्यात वजन होतं, तो पाऊस पाडेल असं वाटत होतं. मी तो तसाच ठेवला. आमच्या जलरंगाच्या वर्गातल्या बाईंनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवून "हे कसं साधलंत?" असं विचारलं. मी मुत्सद्दीपणे हसले.

सामानसुमान हळूहळू जमत गेलं. त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरातून स्थलांतरित झालेलं आहे. प्लॅस्टिकच्या पॅलेटवर पातळ रंगाचे मणी होतात, तो एकसारखा पसरत नाही. चिनीमातीच्या पांढऱ्या बशीवर छान पसरतो. त्यामुळे घरातला कपबशांचा संच आता विजोड आहे, आणि अनोळखी पाहुण्यांपैकी एकाला चहा स्टीलच्या ताटलीवर मिळतो. फळीला मागून जरा चढ लागतो, म्हणजे वॉश एका दिशेने खाली उतरतो. त्यासाठी नाना उपाय केले, शेवटी कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची जाडी अगदी बरोबर निघाली. 1970 साली निघालेल्या त्या पुस्तकाने महाराष्ट्राच्या किती सुनांना सावरलं असेल. माझ्या फळीलाही सावरलं. सासूबाईंना मात्र ते रुचलं नाही. "अगं, त्यातली अनारश्यांची पानं आहेत ती. उद्या कुणी शोधेल."

"आई, अनारसे आपण विकत आणतो."

"विकतच आणतो. पण शोधेल."

दिव्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण रात्री काम करणारी माणसं तिथेच फसतात. पिवळ्या बल्बखाली फिकट लेमन यलो पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. आपण थर चढवत राहतो आणि सकाळी बघावं तर सगळ्या घाटाला कावीळ. डब्यावर साडेसहा हजार केल्विन लिहिलेला पांढरा एलईडी लावला की रंग बराचसा शुद्धीवर येतो. त्या उजेडात घरातली माणसं मात्र आजारी दिसतात. 

स्थिरचित्राचे प्रश्न वेगळे. सेझान इतका सावकाश रंगवायचा की फळं सडत आणि फुलं माना टाकत. मग तो कागदी फुलं मांडायचा. आमच्याकडे वस्तू सडण्याइतक्या टिकत नाहीत. काटेरी देठांची चार जांभळी वांगी मी मोठ्या कलाकुसरीने मांडली होती, पेन्सिलीचं रेखाटन झालं होतं, जांभळ्याचा पहिला हातही झाला होता. संध्याकाळी ती भरली वांगी म्हणून परत भेटली. चव उत्तम होती. माणसं मॉडेल म्हणून बसवावी, तर चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या नशिबाला घरातच दिवा घेतलेली मुलगी होती. हातातल्या समईचा उजेड बोटांमधून झिरपून चेहऱ्यावर येतो ते त्यांचं 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगात आहे यावर जलरंग वापरणाऱ्या माणसाचा आधी विश्वासच बसत नाही. मीही नवऱ्याला संध्याकाळी खिडकीपाशी बसवलं. चेहऱ्यावर खालून फार सुंदर निळसर उजेड पडला होता. तो मोबाइलचा होता. कुठल्याशा मॅचचा निकाल लागल्यावर मॉडेल उठून गेलं.

या सगळ्यावर मात करता येते. मात करता येत नाही ती स्वच्छतेवर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी अत्यंत प्रामाणिक आणि अत्यंत नीटनेटक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी घाण पाण्याच्या दोन्ही बरण्या घासून, पालथ्या घालून ठेवल्या, बशीवर मोठ्या कष्टाने जमवलेला करडा रंग विमने धुतला, आणि माझ्यापुढे तो कागद धरून विचारलं, "ताई, हे झालंय की व्हायचंय?"

मुंबईतल्या गॅलऱ्यांमध्ये मी एवढा नेमका प्रश्न ऐकलेला नाही. मी म्हटलं, "व्हायचंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा "व्हायचंय." तिसऱ्यांदा त्यांच्या आवाजात थोडी दया आली.

चित्रकार जॉर्जो मोरांदी हा माझा या बाबतीतला दैवत-माणूस. बोलोन्यातल्या एका साध्या घरात, झोपायच्याच खोलीत, एकेरी पलंगाशेजारी त्याने जन्मभर काम केलं. काय, तर बाटल्या, बरण्या, डबे. पुन्हा पुन्हा त्याच. त्यांच्यावरची धूळ तो कुणाला पुसू द्यायचा नाही; धुळीने काचेची चकाकी मरते आणि सगळ्या वस्तू एका मऊ करड्या सुरात येतात. खोलीत जायला बहिणीच्या खोलीतून वाट होती. हे मी मोठ्या उमाळ्याने घरी सांगितलं. रोखाने, अर्थात मावशींकडे बघत. उत्तर आलं सासूबाईंकडून. निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "बहिणी किती होत्या?"

"तीन. कुणीच लग्न केलं नाही."

"मग बरोबर. स्वयंपाकाला तिघी होत्या की."

कलेच्या इतिहासावरच्या जाडजूड पुस्तकांत ही ओळ असायला हवी होती. लंडनमधल्या फ्रान्सिस बेकनचा स्टुडिओही मला असाच आठवतो. घोट्याइतका कागदांचा, डब्यांचा, चिंध्यांचा थर. तो 1992 मध्ये वारला आणि काही वर्षांनी तो पसारा, सात हजारांहून अधिक वस्तू, एकेक नोंदवून डब्लिनच्या संग्रहालयात जसाच्या तसा मांडला. धुळीसकट. पसाऱ्यालाही वारसाहक्क मिळतो, फक्त माणूस आधी फ्रान्सिस बेकन असावा लागतो आणि नंतर वारावा लागतो. दोन्ही अटी मला सध्या गैरसोयीच्या आहेत.

शेवटी तह झाला. वॉशिंग मशीनशेजारी भिंतीला बिजागरीची एक फळी ठोकून घेतली. तिच्यावर जे असेल ते 'व्हायचंय' आणि तिथे फडकं फिरवायचं नाही. फळीबाहेर जे सापडेल ते 'झालंय', त्याचं काहीही करावं. मावशींनी नियम तंतोतंत पाळला. फळीच्या कडेबाहेर बोटभर आलेला माझा ब्रश त्यांनी दोनदा टूथब्रशांच्या भांड्यात नेऊन ठेवला.

हा तह सासूबाईंनी लांबून न्याहाळला होता. श्रावण तोंडावर आला तसा फळीच्या डाव्या कोपऱ्यात एक दिवस कापसाचा पुंजका आणि निम्म्या वळलेल्या फुलवाती दिसल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "व्हायच्या आहेत." टेबलावर ठेवल्या की त्यांनाही शिट्टीबरोबर उठावं लागत होतं म्हणे, इतकी वर्षं. आता आम्ही दुपारी शेजारी शेजारी बसतो. मी रंग भरते, त्या वाती वळतात, आणि पंख्याच्या वाऱ्यावर कापसाचे तंतू येऊन बरोबर माझ्या ओल्या आकाशाला चिकटतात. परवा चिमट्याने ते उपटता उपटता मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "आई, बघा, सगळ्या ढगात कापूस गेलाय."

त्यांनी चष्मा वर केला, कागद नीट पाहिला आणि म्हणाल्या, "बनियनचा चालला होता ना?"