तेलाचं वय

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी क्लास सुटले की वड्याच्या गाड्यांभोवती उद्याचे डॉक्टर जमतात. हृदयाचे कप्पे तोंडपाठ, हातात वर्तमानपत्रावरचा गरम वडा, मनगटावर घड्याळ. घड्याळ म्हणतं, आज पावलं कमी पडली. मग पोरं वडा खात खात खोलीपर्यंत चालत जातात. हिशेब चुकता!

खाणं मोजणारं अ‍ॅपही असतंच. पाकिटावरचा बारकोड दाखवा, मीठ-साखर-चरबी धडाधड हजर. वड्याला कुठला आलाय बारकोड? यादीतून ‘वडा, एक नग’ निवडायचं. तो आजच्या तेलातला की परवाच्या, हे अ‍ॅपला कळत नाही आणि गाडीवाला सांगत नाही. सोयाबीनचा भाव लातुरात शेंबडं पोरही सांगेल. कढईतल्या तेलाचं वय विचारायची मात्र रीत नाही.

सरकारही त्याच पंगतीत. आशाताई तिशीपुढच्यांचा ‘सीबॅक’ हा आजारांचा धोका जोखणारा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी तुमचा नंबर. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपुढे गेली की गुण चढतात. ती कशानं सुटली, त्याला गुण नाहीत.

बरं, कढईला विचारणारं यंत्रही हातातच मावतं. गरम तेलात टोक बुडवायचं, पडद्यावर आकडा येतो. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ‘पोलर’ घटक साठतात, त्यांची ती टक्केवारी. १ जुलै २०१८ पासून देशभर नियम आहे: २५ टक्क्यांवर गेलेलं तेल खाण्याला वापरायचं नाही. पुढं तेलाची नोंद ठेवायचं बंधनही आलं, पण दिवसाला ५० लिटरच्या वर तेल तळणाला लागतं त्यांना. म्हणजे गाडीवाला सुटला आणि त्याचं गिऱ्हाईक अडकलं.

गाडीवाल्याला तरी किती बोलायचं? तेलाचा डबा काय भावानं येतो, ते त्यालाच ठाऊक. त्याचं जुनं तेल विकत घेऊन बायोडिझेल करायची सरकारी योजना आहे, ती त्याच्या गाडीपर्यंत पोचवा. आणि अन्न व औषध प्रशासनाच्या साहेबांनो, ते यंत्र घेऊन महिन्यातून एकदा लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या वजिराबादेत फिरा. आलेला आकडा खडूनं गाडीवरच लिहा, दराच्या पाटीशेजारी.