सत्ता नको, पण शिक्का आमचाच

गाडी चालवायला सरकारी परवाना लागावा का? आरटीओच्या रांगेत ताटकळलेल्या माणसाला हे विचारलंत तर जे उत्तर मिळेल ते इथे छापता येणार नाही. पण 2016च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत हाच प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी बाशिंग बांधून बसलेल्यांना विचारला गेला. अधिवेशन होतं लिबर्टेरियन पक्षाचं. सरकार जितकं कमी तितकं बरं, असं मानणाऱ्यांचं. एक इच्छुक कडाडला, उद्या घरच्या टोस्टरमध्ये पाव भाजायलाही परवाना मागाल! टाळ्या. न्यू मेक्सिकोचे माजी गव्हर्नर गॅरी जॉन्सन बिचकत म्हणाले की, रस्त्यावर येणाऱ्याला गाडी चालवता येते एवढं तरी कुणी बघावं. त्यावर सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. याच अधिवेशनात पक्षाध्यक्षपदाच्या एका उमेदवाराने, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, व्यासपीठावर अंगावरचे कपडे उतरवले. अंतर्वस्त्रापाशी थांबला. म्हणजे किमान सरकार मानणाऱ्या गटाचा असावा.

कारण गट दोन आहेत. एक म्हणतो, पोलीस, कोर्ट आणि लष्कर एवढं ठेवा, बाकी सरकार मोडीत काढा. दुसरा म्हणतो, तेवढं तरी कशाला? 1971 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पगार आणि किमती गोठवल्या, तेव्हा चिडलेल्या मूठभर लोकांनी कोलोरॅडोत हा पक्ष काढला आणि तीन वर्षांत पेच उभा राहिला: राज्यसंस्था असावी की नसावी? 1974मध्ये डॅलसला तह झाला. त्याचं कलम एकच, या प्रश्नावर पक्षाने चकार शब्द काढायचा नाही. राज्य कुणी चालवायचं यावरून पक्ष फुटताना आपण रोज पाहतो. राज्य असावं की नाही यावर मिठाची गुळणी धरून टिकलेला पक्ष म्हणून यांचं कौतुकच करायला हवं.

नियम नको म्हणणाऱ्यांची नियमावलीही बघा. पक्षाचं तत्त्वांचं निवेदन बदलायचं तर सात अष्टमांश प्रतिनिधींचा कौल लागतो. अमेरिकेची राज्यघटना बदलायला संसदेत दोन तृतीयांश आणि राज्यांमध्ये तीन चतुर्थांश पुरतात.

खरी गंमत मालमत्तेची. 1977मध्ये उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या पैशावर याच विचारांची कॅटो इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. नाव सुचवलं मरे रॉथबार्ड यांनी. हे राज्यसंस्था मुळासकट उपटा म्हणणारे अर्थतज्ज्ञ. 1980च्या निवडणुकीत पक्षाचे उमेदवार एड क्लार्क यांना नऊ लाखांवर मतं पडली, पण त्यांनी टीव्हीवर आपल्या विचारसरणीची ओळख ‘कमी करांचा उदारमतवाद’ अशी करून दिली. रॉथबार्ड यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच वर्षी ते कॅटोतून बाहेर होते आणि माझे शेअर हडपले म्हणून ओरडत होते. 2012मध्ये त्याच संस्थेच्या शेअरवरून कोक बंधू आणि संस्थेचे प्रमुख एड क्रेन यांच्यात जुंपली आणि मामला कॅन्ससच्या कोर्टात पोचला. खासगी मालमत्ता पवित्र आहे यावर या मंडळींनी शेल्फं भरून पुस्तकं लिहिली आहेत. फक्त ती कुणाची, एवढं सांगायला सरकारी न्यायाधीश लागतो.

याच्यावर कळस चढला मिशिगनमध्ये. 2022ला रेनोच्या अधिवेशनात ‘मिझेस’ नावाच्या कट्टर गटाने पक्ष ताब्यात घेतला. पुढे मिशिगन शाखेत दोन कार्यकारिण्या झाल्या, दोघींचा दावा की खरी मीच. राष्ट्रीय समितीने काय करावं? संघराज्य सरकारच्या कोर्टात धाव घेऊन ट्रेडमार्कचा दावा ठोकला: आमचं नाव वापरू देऊ नका. 2023मध्ये कोर्टाने मनाईहुकूम दिलाही. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क ही सरकारने बळेच जन्माला घातलेली खोटी मालमत्ता आहे, असं सांगणारे विद्वान याच चळवळीत ढिगाने आहेत. नाव कुणाचं आणि चिन्ह कुणाचं यावरून पक्ष कसे झुंजतात, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण आपल्याकडचे लोक निदान सरकार हवं म्हणून भांडतात.

उजवीकडची ही हाणामारी बघून डावीकडच्या अराज्यवाद्यांनी गालात हसू नये. त्यांचं दप्तर जुनं आणि जाड आहे. 1872मध्ये हेगच्या काँग्रेसमध्ये मार्क्सच्या गटाने अराज्यवादी मिखाईल बाकुनिन यांना ‘इंटरनॅशनल’ या कामगार संघटनेतून हाकललं. मार्क्स हुकूमशहा आहे, ही बाकुनिन यांची तक्रार. बाकुनिन संघटनेच्या पोटात स्वतःची गुप्त संघटना चालवतात, ही मार्क्सची. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, हीच अडचण.

ऑगस्ट 1907मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला अराज्यवाद्यांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस भरली. एका मुद्द्यावर मतदान झालं आणि लगेच नवा वाद पेटला: मतदान घेणं अराज्यवादात बसतं का? बहुमताने अल्पमतावर कुरघोडी करायची ती सरकारने, आपण कशी करायची? फ्रेंच कामगार कार्यकर्ते पिएर मोनात यांना उभं राहून सांगावं लागलं की, यात हुकूमशाहीसारखं काय आहे ते मला कळत नाही. शेवटी ठराव मंजूर झाले, पण ते कुणावर बंधनकारक नाहीत या समजुतीवर. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेचा कारभार याच धर्तीवर चालतो, फक्त तो तात्त्विक आहे हे सभासदांना ठाऊक नसतं.

पहिलं महायुद्ध सुरू असताना, 1916मध्ये, अराज्यवादी विचारवंत प्रिन्स क्रोपोत्किन यांच्यासह काहींनी चक्क दोस्त राष्ट्रांची बाजू घेणारं पत्रक काढलं. इटालियन अराज्यवादी मालातेस्ता यांनी त्यांना ‘सरकारधार्जिणे अराज्यवादी’ म्हणून सोलून काढलं. हे पत्रक इतिहासात ‘सोळा जणांचा जाहीरनामा’ म्हणून गाजलं. सह्या मात्र पंधराच होत्या. सोळावा जो ‘हुसेन दे’, ते एका सहीवाल्याच्या अल्जीरियातल्या गावाचं नाव होतं. चळवळीत उभी फूट पडली आणि त्यातल्या एका बाजूला एक अख्खं गाव होतं, तेही न विचारता.

आणि स्पेन. नोव्हेंबर 1936मध्ये यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत सीएनटी या अराज्यवादी कामगार संघटनेचे चार जण मंत्री झाले. गार्सिया ऑलिव्हर यांच्याकडे खातं आलं कायदा आणि न्याय! फ्रँको दाराशी उभा होता, इलाज नव्हता, हे खरं. पण ‘सध्या इलाज नाही’ हेच तर प्रत्येक सरकारचं पहिलं वाक्य असतं.

मुंबईही यातून सुटली नाही. एम. पी. टी. आचार्य हे मद्रासकडचे क्रांतिकारक. 1920मध्ये ताश्कंदला हिंदी कम्युनिस्ट पक्षाच्या बारशाला हजर होते, एम. एन. रॉय यांच्याशी खटके उडाले, बाहेर पडले, अराज्यवादी झाले आणि 1954मध्ये मुंबईत वारले. मुंबईत त्यांचा संबंध आला रणछोडदास लोटवाला यांच्या संस्थेशी. हे तेच पिठाच्या गिरणीचे मालक, ज्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका वाचून तिच्या तरुण लेखकाला, श्रीपाद अमृत डांग्यांना, पैसा पुरवला. पुढे त्यांच्याच आश्रयाने मुंबईतून ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे इंग्रजी नियतकालिक निघू लागलं. युरोपात ज्या मतभेदांनी काँग्रेसा मोडल्या, ते सगळे गुजराती शेठजींच्या एकाच चोपडीत सुखाने नांदले.

एवढं भांडायला यांना मिळतं तरी काय? काहीच नाही, म्हणून तर भांडतात. सत्तेतल्या पक्षाला भांडण मिटवायला महामंडळं असतात, तिकिटं असतात, अमुक समितीचं तमुक पद असतं. यांच्याकडे वाटायला फक्त तत्त्व आहे आणि तत्त्वाचं अर्धं अर्धं करता येत नाही. सरकार नको, पुढारी नको, परवाना नको, पण खरा कोण हे ठरवणारा शिक्का मात्र प्रत्येकाला स्वतःच्या खिशात हवा. तोही एक परवानाच. फक्त आरटीओत तो निदान मुदत संपल्यावर नव्याने काढता येतो.

तरीही यांना नुसतं हसून सोडता येत नाही. कामगारांच्या नावाने आलेलं राज्य कामगारांच्याच मानगुटीवर बसेल, हे बाकुनिन यांनी रशियन क्रांतीच्या चार दशकं आधी सांगून ठेवलं होतं. असं बोलणारी माणसं भांडखोरच असतात. जुळवून घेणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि दिसलं तरी ते बोलत नाहीत.

मे 2024मध्ये वॉशिंग्टनला लिबर्टेरियनांनी डोनाल्ड ट्रम्प यांना भाषणाला बोलावलं आणि आल्यावर त्यांचीही हुर्यो उडवली. दर चार वर्षांनी आपले तीन टक्के घेत बसा, असं ते सुनावून गेले. मग उमेदवार निवडताना सातव्या फेरीत रिंगणात उरले चेस ऑलिव्हर आणि ‘नोटा’. नोटाने एक तृतीयांशाहून जास्त मतं खाल्ली. नोव्हेंबरात ऑलिव्हर यांना तीन टक्के सोडाच, जेमतेम 0.4 टक्के मिळाले.

पण त्या सभेत ट्रम्प यांनी एक शब्द दिला होता: ‘सिल्क रोड’ हा ऑनलाइन काळा बाजार चालवल्याबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या रॉस उल्ब्रिक्टला सोडवण्याचा. उल्ब्रिक्ट म्हणजे लिबर्टेरियनांचा लाडका कैदी. 21 जानेवारी 2025ला ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. अर्धशतकाच्या धडपडीनंतर या चळवळीच्या पदरात पडलेला हा सर्वात ठसठशीत विजय. ना मतपेटीतून, ना ठरावातून. इंग्लंडच्या राजाकडून अमेरिकी राष्ट्राध्यक्षाकडे वारशाने आलेल्या, कुणालाही जाब द्यावा न लागणाऱ्या, एकट्याच्या एका सहीतून.