तुराट्यांच्या कुडावरून

"काय वं पोरी, टेलरीन गेली काय अकोल्याले?"

काकूंचं तोंड कुडावर दिसलं की आमच्याकडे सकाळ झाली. कूड तुराट्यांचा, छातीएवढा, बकऱ्या अडवायला घातलेला. बकऱ्या अडतात. बाकी काही अडत नाही.

"हाव, पहिल्याच गाडीनं. आज चौथं सलाईन हाय."

"एकवीस दिवस झाले बी? आता आता तं गेली होती."

"आपल्याले आता आता वाटते काकू. तिनं कॅलेंडरवर खुना करून ठेवल्या, सिलिंडरच्या खुनांच्या खालीच."

"पातूरच्या घाटात लय तरास होत असन."

"रस्ता चारपदरी झाला, पन येतानी पन्नी हातातच राह्यते तिच्या."

काकूंनी मागे-पुढे पाहिलं, आवाज खाली घेतला. "मी म्हनो, त्याचं ते... दुसऱ्याले लागत तं नाई ना?"

काकू कॅन्सर म्हणत नाहीत. आमचं निम्मं मेडशी गाव 'गाठ' म्हणतं, उरलेलं 'मोठा आजार'. टेलरीन मात्र छाती चौतीस, कंबर तीस म्हणावं तसं सरळ 'कॅन्सर' म्हणते, आणि ऐकणाराच चपला शोधायला लागतो.

"नाई लागत. उलटं आपलंच तिले लागते. सलाईन झालं की हप्ता-दोन हप्ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तुम्ही मांगं शिंकत शिंकत गेल्या होत्या ना पेढे घेऊन? तिनं तोंडाले पदर लावला होता तो त्याच्यासाठी."

"अवं माय! मले वाटलं माह्या तोंडाचा वास येऊन राहिला. तवापासून दोनदा दात घासतो मी."

मी हसले, तशा काकू फुरंगटल्या आणि विषय थेट मुंबईला नेला. टाटात ऑपरेशन झालं, किती लाख गेले? मी सांगितलं, महात्मा फुले योजनेत बसलं. आता 5 लाखांपर्यंत होते. रेल्वेत पेशंटला स्लीपरचं तिकीटच नाही, संगच्या माणसाला शंभरातले पंचवीस.

"म्हंजे तिचा नवरा पाव तिकिटात मुंबई पाहून आला? अन् तोंड तं असं, जसा वावर इकून आला."

"मुंबई कायची पाह्यते काकू! दादरची धर्मशाळा अन् परळचा दवाखाना, एवढीच त्याची मुंबई. धर्मशाळा गाडगेबाबाच्या नावाची होती म्हनून निभलं."

काकूंचे हात आपसूक जुळले. त्यांच्या सासऱ्यांनी बाबांचं कीर्तन ऐकलं होतं, हे आम्ही महिन्यातून एकदा ऐकतो. आज पुन्हा ऐकलं. 1956 साली गेलेला शेंडगावचा माणूस वऱ्हाडातल्या पेशंटला अजून मुंबईत पाठ टेकायला जागा देतो, हे मात्र माझ्या मनात आज पहिल्यांदा आलं.

"बरं, ते जाऊ दे," काकू म्हणाल्या, म्हणजे आता खरी गोष्ट. "माह्या ब्लाऊजचं कापड हाय तिच्यापाशी. भाच्याच्या लग्नाचं."

अशी कापडं तिच्याकडे पुष्कळ आहेत. सोयाबीन निघालं, हातात पैसा आला की बायका आधी टेलरीनकडे जातात. यंदाही गेल्या. एकीनं मात्र मागच्या हप्त्यात पोराला पाठवून कापड परत मागवलं. टेलरीननं घडी नीट केली, वर मापाची चिठ्ठी लावली आणि पोराच्या हातात दिली. त्या दिवशी मशीनवर पुन्हा बसली नाही.

"कोन ती? कोपऱ्यावरचीच ना?"

"मी कोनाचं नाव घेतलं काय?"

"नको घेऊ. मले मालूम हाय." काकू तुराटीचं टोक मोडत राहिल्या. "पन तिचा हात चालते काय वं आता?"

"काखेतल्या गाठी काढल्या ना, उजवा हात वरतं जात नाई. कापड पोरगी कापते, शिवते टेलरीनच."

"पोरगी कापते?" काकूंचा चेहरा असा झाला, की आजार परवडला. "बारावीतली पोरगी? माह्यं पैठणीच्या काठाचं कापड हाय!"

"आनू मंग परत? आज संध्याकाळी जानारच हाय मी, मऊ खिचडी घेऊन. तोंड आलं तिचं, तिखट चालत नाई."

काकू बोलल्या नाहीत. आत गेल्या. मला वाटलं, रुसल्या. परत आल्या तेव्हा हातात ताकाचा गडवा होता. तो त्यांनी कुडावरून अलगद माझ्याकडे दिला.

"ताजं हाय. अन् आयक, बटनं समोरून लावाले सांग. मांगं हात जात नाई माह्याच्यानं."

"तिच्यानंही जात नाई आता. म्हने, समद्या बुढ्या काऊन कटकट करत होत्या ते आता समजलं."

"बुढी कोनाले म्हनते वं ते? बरी होऊ दे, मंग पाह्यतो तिच्याकडं." काकू घराकडे वळल्या, दारातून पुन्हा ओरडल्या, "सांग तिले, घाई नाई म्हना. पन लगन वीस तारखेले हाय!"