टोकनकाका

अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी माणूस निवृत्त झाला की परसात टोमॅटो लावतो किंवा महाराष्ट्र मंडळाची निवडणूक लढवतो. ओहायोतल्या आमच्या काकांनी तिसरी वाट धरली. ते नाणी जमवत नाहीत; नाणी नव्हती म्हणून जे चाललं, ते जमवतात.

पाहुण्याच्या हातातला चहा निवेपर्यंत काका १८६२ सालात पोचलेले असतात. यादवी युद्ध पेटलेलं. लोकांनी आधी सोनं-चांदी दडवली, मग साधे सेंटही गडप झाले. सुट्टे म्हणून टपालाची तिकिटं चालू लागली आणि घामट खिशात एकमेकांना चिकटू लागली. शेवटी वाणी, न्हावी, दारूवाले अशा मंडळींनी सेंटएवढी तांब्याची टोकनं पाडून घेतली. त्यांवर दुकानाचं नाव-गाव. "म्हणजे बघ, जाहिरात दुकानदाराची आणि ती खिशात घेऊन हिंडणार गिऱ्हाईक!" हे वाक्य काकांना दरवेळी नव्यानेच सुचतं.

त्यांचा खरा जीव लबाडीवर. काही टोकनांवर ठसठशीत 'वन सेंट' आणि त्याच्या डोक्यावर नजरेतून निसटेल असं बारीक 'नॉट'! न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या दारूवाल्याने तर दहा लाखांवर टोकनं बाजारात सोडली. थर्ड अव्हेन्यू रेलरोडने भाड्यापोटी साठलेली टोकनं बदलून मागितली, तर गड्याने चक्क हात वर केले. १८६४ मध्ये सरकारने असल्या खासगी नाण्यांवर बंदी घातली. इथे काका असा सुस्कारा सोडतात, की परवाना त्यांचाच गेला असावा.

टोकनांची दुर्मिळता आर-१ ते आर-१० अशी मोजतात. आर-१ हजारोंनी सापडतं, आर-१० जगात एकच. काका माणसांनाही हीच फूटपट्टी लावतात. "जावई चांगला आहे रे, पण आर-२."

किराणा दुकानात दहा सेंटच्या कूपनासाठी रांग अडवणारे काका 'स्पॉट'च्या जागी 'स्पूट' कोरलेलं टोकन मात्र चढ्या भावाने घेतात. नातवाचं स्पेलिंग चुकलं तर त्याला रागावतात.

काकू म्हणतात, "सेंटाची वस्तू डॉलर मोजून घ्यायची, तीही वटत नाही!" त्यांचं बरोबरच आहे. युद्ध संपून दीडशेवर वर्षं लोटली, तरी लिंडेनम्युलरला अजून गिऱ्हाईक मिळतंय. आणि आता कोणी बदलून मागायलाही येत नाही.