विषय : 19 जुलै 2024 रोजी मिळालेल्या संपूर्ण संरक्षणाबद्दल आभार

प्रति,
व्यवस्थापन, क्राउडस्ट्राइक

महोदयांच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी त्या शुक्रवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी सोडलेल्या एका फाइलने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पाडून हल्लेखोरांचा प्रश्नच निकालात काढला, याबद्दल जगभरचे आयटी विभाग ऋणी आहेत. जे यंत्र सुरूच होत नाही, त्यात शिरणार कोण?

सावध कंपन्यांचे ऋण त्याहून मोठे आहे. सेन्सरची, म्हणजे यंत्राच्या गाभ्यात बसून पहारा देणाऱ्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती लगेच न घेता मुद्दाम एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याचे धोरण त्यांनी महोदयांनीच पुरवलेल्या सोयीतून निवडले होते; परंतु हल्ल्यांच्या नव्या खुणा सांगणाऱ्या आशय-फाइलींना ते लागू नव्हते, त्या थेट सर्वांवर एकदम उतरत, आणि हे अनेकांना यंत्र कोसळल्याचा निळा पडदा पाहूनच उमगले. पुढच्या दाराची किल्ली ग्राहकाला देऊन मागचे दार स्वतःसाठी उघडे ठेवण्यालाच ‘ग्राहकाचे नियंत्रण’ म्हणत असावेत. त्या शुक्रवारची फाइल ज्या नमुन्यावर बेतलेली होती, त्यात 21 रकाने, सेन्सरकडून मूल्ये मात्र 20. एकविसावे शोधू गेलेला प्रोग्रॅम मेमरीच्या हद्दीबाहेर वाचू लागला आणि विंडोज कोसळली. एवढी तफावत ग्राहकाच्या चाचणी-संगणकावरही पकडली गेली असती, पण चाचणीची संधीच त्याला ठेवलेली नव्हती.

फाइल 78 मिनिटांत मागे घेतली गेली, हे खरे. पण जे यंत्र सुरू होत नाही, ते दुरुस्ती उतरवून घेणार कसे? म्हणून हेल्पडेस्कवरच्या पोराने एकेका यंत्रापाशी जाऊन ते सेफ मोडमध्ये आणायचे, तीच 291 क्रमांकाची फाइल शोधून पुसायची, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याआधी 48 अंकी किल्ली चुकू न देता टंकायची. तोवर संगणक बंद पडलेल्या विमानतळांवर हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासांचे कौतुक वर्तमानपत्रांनी केलेच.

महोदयांची अडचण खोटी नाही: खुणा पोहोचवायला उशीर झाला असता आणि त्या फटीतून खंडणीखोर शिरले असते, तर याच आयटी विभागांनी जाब विचारला असता. पण घाई होती म्हणून पहिल्याच फटक्यात सगळ्यांवर? हा बेदरकारपणा आहे, त्याला दुसरे नाव नाही.

पुढे, ग्राहकांच्या मदतीला राबलेल्या सहकाऱ्यांना व भागीदारांना महोदयांनी दहा डॉलरची उबर ईट्सची कूपने पाठवली. एकदम झालेला वापर संशयास्पद वाटून उबरने ती लबाडी ठरवली. म्हणजे सर्वत्र पसरण्यापूर्वी काहीतरी अडवणारी तपासणी त्या आठवड्यात एका जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीकडे तरी होती.